कोर्टालाही मे महिन्याची सुट्टी असते: वकिलीकडे वळणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी उन्हाळ्याचा आराखडा

दरवर्षी एप्रिल संपता संपता ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "वकीलसाहेब, पोरीला लॉ करायचंय. सुट्टीत तुमच्याकडे इंटर्नशिपला पाठवू का?" मी पाठवा म्हणतो. पोरगी मे महिन्याच्या मध्यावर नवी कोरी वही घेऊन येते, आणि कोर्टाच्या आवारात चहावाला नि दोन कुत्री सोडली तर कुणी नसतं. मुलांची सुट्टी आणि कोर्टाची सुट्टी एकाच वेळी येते, ही साधी गोष्ट आईवडिलांना कुणी सांगत नाही.

त्यामुळे उन्हाळ्याचं नियोजन इथूनच सुरू करायचं. मुंबई उच्च न्यायालय आणि महाराष्ट्रातली दिवाणी न्यायालयं साधारण मे महिन्यापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत उन्हाळी सुट्टीवर असतात. नेमक्या तारखा त्या त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या वार्षिक कॅलेंडरमध्ये असतात, त्या आधी पाहा. अकरावीची परीक्षा संपल्यापासून कोर्ट बंद होईपर्यंतचे दिवस, मधली सुट्टी आणि कोर्ट उघडल्यानंतरचे जूनमधले दिवस, असे तीन तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात वेगळं काम आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत कायद्याचं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं आणि तिथली शाळकरी मुलं उन्हाळी शिबिरं करतात ती बरीचशी कॉलेजच्या अर्जात दाखवायला. आपल्याकडे बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या मुख्य वाटांवर प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅट असो किंवा राज्याची सीईटी, तुमची प्रमाणपत्रं कुणी बघत नाही. मग सुट्टीत कशासाठी राबायचं? हे काम आपल्याला सोसेल का, हे पाच वर्षं आणि काही लाख रुपये घालण्याआधी कळावं म्हणून. या कामात वाचणं आणि वाट बघणं फार आहे. टीव्हीवर दिसतं तेवढं बोलणं त्यात नाही.

पहिला तुकडा: एप्रिलमध्ये कोर्टात जाऊन बसा

कोर्टात बसायला ओळख लागत नाही. न्यायालय खुलं असतं हा कायदाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ख आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ हेच सांगतात. अपवाद आहेत. बलात्काराचे आणि पोक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे, खटले बंद दालनात चालतात, तिथे जायचं नाही. कौटुंबिक न्यायालयही या वयात वगळा. दुसऱ्याचं मोडणारं घर ही आपल्या अभ्यासाची जागा नव्हे.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात सकाळी अकराच्या आधी पोहोचा. सोबत ओळखपत्र ठेवा, साधे कपडे घाला, फोन बंद करा. फोटो किंवा रेकॉर्डिंगचा विचारसुद्धा नको. न्यायाधीश आले की सगळे उभे राहतात, आपणही राहायचं. शेवटच्या बाकावर बसायचं. दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, म्हणजे आज कोणकोणती प्रकरणं आहेत त्याची यादी. पट्टेवाला एकेक नाव पुकारतो. पहिल्या तासात तुम्हाला फक्त तारखा पडताना दिसतील आणि कंटाळा येईल. उठू नका. बारा-साडेबारानंतर साक्षीपुरावा सुरू होतो.

पहिले दोन दिवस फौजदारी बाजूला बसा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती एक ओळ असते. रिमांडला, म्हणजे कोठडीत ठेवायचं का ते ठरवायला, आणलेला माणूस दोरीला बांधून उभा दिसतो आणि न्यायाधीश त्याला "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" असं विचारतात, तेव्हा ती ओळ डोक्यात बसते. हे काम सुट्टीतही थांबत नाही, त्यामुळे मे महिन्यात गेलात तरी रिमांड कोर्ट सापडेल.

मग दिवाणीकडे वळा. तिथली भाषा कानावर पडू द्या. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांचा बराच कारभार मराठीतून चालतो आणि ती मराठी वर्तमानपत्राची नाही. वादी दावा लावतो, प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतो. साक्षीदाराचा आधी त्याला बोलावणाऱ्या बाजूकडून सरतपास, मग समोरच्या वकिलाकडून उलटतपास, गरज पडली तर पहिल्या बाजूकडून फेरतपास. निकालानंतर हुकूमनामा, आणि हुकूमनाम्याप्रमाणे समोरचा वागला नाही तर अंमलबजावणीसाठी दरखास्त. प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक असतो. दावा म्हणजे निशाणी १. निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवा असं म्हणणारा मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ असतो, इतका की वकील त्याला नुसतं "पाचचा अर्ज" म्हणतात. वहीच्या मागच्या पानावर हे शब्द लिहीत जा. अर्थ अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, पण आधी बाहेर बाकावर बसलेल्या कारकुनाला विचारा. तो जास्त चांगलं सांगतो.

मुंबईत राहणाऱ्यांनी एक दिवस उच्च न्यायालयात जावं. ओळखपत्र दाखवून आत जाता येतं. १८७८ साली पूर्ण झालेली ती इमारत आणि १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला ती जागा बघण्यासारखी आहे. त्यांचे शिक्षेनंतरचे शब्द तिथे संगमरवरावर कोरलेले आहेत. पण कामकाज कळावं म्हणून जात असाल तर तालुका कोर्ट बरं. उच्च न्यायालयात इंग्रजीतून, कागदावर आधीच असलेल्या गोष्टींवर युक्तिवाद चालतात, साक्षीदार जवळजवळ दिसतच नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरीला खंडपीठं आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठही, सुरू झालं आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको.

एक प्रकरण धरा आणि सोडू नका

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. बसल्या बसल्या जी प्रकरणं ऐकाल त्यातलं एक निवडा. बांधाचा वाद, मोटार अपघाताची भरपाई, धनादेश न वटल्याचं प्रकरण, काहीही चालेल. बोर्डावरून त्याचा क्रमांक उतरवून घ्या.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तो क्रमांक टाकला की प्रकरणाची सगळी कुंडली उघडते. दर प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी थेट सापडेल. दाखल केव्हा झालं, समन्स केव्हा निघालं, किती तारखा पडल्या, त्या त्या तारखेला काय झालं, हे क्रमाने दिसतं. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कामकाजाची नोंद, थोडक्यात वाचता येतो.

आता एका पानावर लिहा: कोण कोणाविरुद्ध आहे, मागतंय काय, आणि आत्ता गाडी कुठे अडली आहे. बहुतेक मुलं तिसऱ्या प्रश्नाशी थांबतात. साक्षीदार हजर नाही, वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला, समन्सची बजावणी झाली नाही, न्यायाधीश रजेवर. सहा वर्षं जुन्या दाव्याच्या तारखा एकेक करून वाचल्या की "कोर्टात उशीर होतो" या वाक्याच्या आत काय काय असतं ते कळतं. त्या पानावर पक्षकारांची खरी नावं मात्र लिहू नका. वादी, प्रतिवादी पुरे. इन्स्टाग्रामवर तर काहीच नको.

दुसरा तुकडा: मे, वकिलांचं ऑफिस आणि शेजारचा आंबा

सुट्टीत कोर्ट बंद असलं तरी वकिलांची ऑफिसं चालू असतात, आणि खरं तर हाच काळ शिकायला चांगला. एरवी आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मे महिन्यात जुन्या फाइली लागतात, जूनचे दावे लिहून होतात. घराजवळच्या वकिलांकडे आईवडिलांसोबत जा आणि दोन आठवडे, रोज दोन-तीन तास येऊ का, असं सरळ विचारा. याला इंटर्नशिप म्हणू नका. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमातली इंटर्नशिप ही कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे. तुम्ही बघायला आला आहात, तेवढं म्हटलं की बास.

तिथे गेल्यावर काय करायचं? चहा आणायला पाठवलं तर एकदा आणा, रोज नको. कामं अशी मागा: फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावणं, आणि त्यावरून घटनांचा तक्ता करणं. कोणत्या दिवशी काय घडलं आणि ते कोणत्या कागदावरून कळतं, अशा दोन रकान्यांत. वकिली शिकवणारं याहून चांगलं काम मला माहीत नाही. दुसरं, सातबारा आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद, वाचायला शिका. आपल्याकडच्या निम्म्या भांडणांची सुरुवात त्या दोन कागदांत असते. फाइलमध्ये वाचलेलं बाहेर बोलायचं नाही. पक्षकार वकिलाला जे सांगतो त्याची गुप्तता वकिलाच्या कारकुनालाही बांधते, मग तुम्हालाही.

कुणी वकील ओळखीचा नसेल, तर घरी करायचा अभ्यास सांगतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, मराठीत वाचायला मिळतात. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे चोवीस तासांत चढवा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. साध्या चोरीचा एक अहवाल घ्या आणि शेजारी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ उघडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी हा कायदा आला. आपली "चारसोबीस" आता कलम ३१८ मध्ये राहायला गेली आहे, पण म्हणीतली जाईल असं वाटत नाही. कायदे इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत.

कलमाचे तुकडे पाडा. चोरी व्हायला पाच गोष्टी लागतात. वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी, हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नको. घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक हवा. आणि त्यासाठी वस्तू हलवलेली हवी. आता मे महिन्यातला प्रश्न घ्या: शेजारच्या झाडावरचा आंबा तुम्ही तोडला. झाड जमिनीला जोडलेलं, म्हणजे जंगम नव्हे. मग त्यावरचा आंबा? कलमाच्या स्पष्टीकरणात उत्तर आहे. जमिनीशी जोडलेली वस्तू तोवर चोरीचा विषय नसते, पण तोडून वेगळी केली की होते, आणि ज्या कृतीने तोडली त्याच कृतीने हलवली तरी चोरी होऊ शकते. बरं, आंबा वाऱ्याने पडून रस्त्यावर आला असेल तर? तो कुणाच्या ताब्यात? तोडणारा सहा वर्षांचा असेल तर? त्याला कलम २० आहे, सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही. सात ते बारामधल्याला कलम २१, तिथे समज किती आहे ते बघतात. आणि दरवर्षी काकूच "घेऊन जा रे" म्हणत असतील, पण यंदा भांडण झालंय म्हणून म्हणाल्या नाहीत, तर संमती आहे की गेली?

एका आंब्यावर अर्धा तास भांडता आलं आणि मजा वाटली, तर हे क्षेत्र तुमचं असण्याची शक्यता आहे. "काय फरक पडतो, आंबाच तर आहे" असं मनात आलं असेल तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं. त्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी सर्वोच्च न्यायालय ऐका. घटनापीठाच्या, म्हणजे संविधानाच्या प्रश्नांवर बसणाऱ्या मोठ्या पीठाच्या, सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालं, आणि त्या पहिल्या दिवसाच्या सुनावण्यांत महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचं प्रकरण होतं. अशी चित्रफीत दिवसाला वीस मिनिटं बघा, जास्त नको. वकील बोलत असताना न्यायाधीशांनी प्रश्न विचारला की थांबवा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते लिहा, मग पुढे चालवा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवादही आहेत. भाषा जड आहे, पण मराठी माध्यमाच्या मुलांनी आधी मराठीत वाचून मग तेच इंग्रजीत वाचलं तर इंग्रजीची भीती निम्मी कमी होते.

कोर्टाबाहेरचा कायदा

१ मे रोजी ग्रामसभा असते. गावाकडे गेला असाल तर जाऊन बसा. मतदार नसल्यामुळे मत देता येणार नाही, पण ठराव कसा मांडतात, इतिवृत्तात काय लिहितात आणि काय गाळतात, हे बघण्यासारखं असतं.

माहिती अधिकाराचा एक अर्ज स्वतः लिहा. २००५ च्या कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे, वयाची अट घातलेली नाही. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, आणि हीच खरी शिकवणी. "रस्ता का केला नाही?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण कायदा कारणं नाही, नोंदी देतो. "अमुक रस्त्याच्या दुरुस्तीसाठी मंजूर रक्कम, कार्यादेशाची प्रत आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला" असं विचारलंत तर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या पहिल्या अर्जाला "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही" असा शेरा येऊन तो परत आला होता. चूक माझीच होती.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे. त्यांच्या गावोगावच्या शिबिरांना श्रोता म्हणून जाता येतं, आणि वर्षातून चार वेळा भरणारी राष्ट्रीय लोकअदालत तर पाहाच. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तिथे आकड्यावर येऊन तडजोड करतात. झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

परीक्षेचं गणित

क्लॅट बारावीच्या निकालानंतर नाही, बारावी चालू असताना डिसेंबरमध्ये होते. २०२५ सालच्या प्रवेशाची परीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली. म्हणून अकरावीनंतरचा उन्हाळा महत्त्वाचा. बारावीनंतरच्या मे महिन्यात जाग आलेल्या मुलाचं वर्ष जातं, निदान राष्ट्रीय विधी विद्यापीठांपुरतं. दोन तासांत १२० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, आणि सगळे प्रश्न उताऱ्यावर असतात, तेही इंग्रजीतच. पाठांतराने फार मिळत नाही. मे महिन्यात रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि त्याचा सारांश पाच ओळींत मराठीत लिहा. शब्दार्थांच्या याद्यांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

राज्याची पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी वेगळी. ती इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असते, चुकीला गुण कापत नाहीत. मुंबईचं १८५५ चं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं १९२४ चं आयएलएस यांसारखी महाविद्यालयं याच वाटेवर आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटच्या वाटेवर. दोन्ही द्या. एकच द्यायची आणि हाताशी वेळ कमी असेल, तर मराठी माध्यमाच्या मुलांनी सीईटीवर भर द्यावा असं मी सांगतो. बारावीत खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात. शाखा कोणतीही चालते, आर्ट्सच घ्यायला हवं असं काही नाही.

क्लॅटच्या अर्जाची फी खुल्या गटाला ४,००० रुपये होती, आणि शिकवणीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. ज्यांना झेपत नाही त्यांनी आयडिया या संस्थेची चौकशी करावी. प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही संस्था गरजू मुलांना विधी विद्यापीठांपर्यंत पोहोचवण्याचं काम करते.

सुट्टीतलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे दाखले. अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर, आणि राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात पडताळणी. राज्यातल्या विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, त्या अधिवासाच्या दाखल्याशिवाय मिळत नाहीत. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात. आत्ता, मे महिन्यात जा.

पैसे मागणारी शिबिरं

काही खासगी विद्यापीठं आणि क्लासवाले शाळकरी मुलांसाठी एक-दोन आठवड्यांची उन्हाळी शिबिरं घेतात. सगळी वाईट नसतात. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्यांची नावं आणि रोजचं वेळापत्रक मागा. मुलाकडून काय लिहून घेणार आणि ते कोण तपासणार, हे विचारा. अभिरूप न्यायालय, म्हणजे खोट्या खटल्याचा सराव, असेल तर किती मुलं प्रत्यक्ष उभी राहून बोलणार तेही विचारा. उत्तरात प्रमाणपत्राचाच उल्लेख वारंवार आला तर फोन ठेवा. घरबसल्या चार आठवड्यांची "व्हर्च्युअल इंटर्नशिप", फी भरा आणि पत्र घ्या, असे संदेश फिरतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी त्यासाठी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या पत्राचा उपयोग झाला असता असा एकही प्रवेश अर्ज मला आठवत नाही.

तिसरा तुकडा: जून

कोर्ट उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तो सोडून द्या. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही धरलेल्या प्रकरणाची तारीख बघा आणि त्या दिवशी जा. एप्रिलमध्ये लिहिलेलं पान सोबत ठेवा. या वेळी पुकारा झाल्यावर वकील काय म्हणणार याचा अंदाज आधी वहीत लिहा, मग ऐका. काम झालं तर काय झालं ते लिहा. नुसती तारीख पडली तर ती लिहून घ्या. बहुधा बारावीची दिवाळीची सुट्टी ओलांडून पुढची असेल.